पुसलेल्या काचा

“काका, या इकडे! परत जोडी सापडली,” सूक्ष्मदर्शकावरची मान न उचलताच सुयशने हाक मारली. “एक मोरपिशी, एक राणी. लावा डोळा, लाजताय काय?”

तेहतीस वर्षे दिनानाथ या प्रयोगशाळेतली काच धूत आले होते. तिच्यातून पलीकडे पाहायला मात्र त्यांना कुणी बोलावले नव्हते. चष्मा कपाळावर सरकवून ते वाकले. उजेडाच्या वर्तुळात दोन बारीक तंतू एकमेकांना टेकून पडले होते.

“हे खाडीच्या पाण्यातले?”

“मग काय माझ्या डोक्यातले? दर नमुन्यात हेच दोन रंग. मॅडमना पक्का डाउट आहे, दिघ्याकडचा तो कापड रंगवणारा कारखाना पाणी सोडतोय. आज तीनच्या मीटिंगमध्ये नाव जाणार, पाच देशांसमोर. मग लागलंच टाळं.”

दिनानाथ सावकाश सरळ झाले. “छान दिसतं हो,” एवढेच म्हणून ते मोरीकडे वळले. त्यांनी ते रंग ओळखले होते.

बेलापूर, मोम्बासा, सेबू, जकार्ता आणि बर्गन अशा पाच ठिकाणच्या प्रयोगशाळा गेले तीन महिने समुद्राच्या पाण्यातले प्लॅस्टिकचे कण आणि नायलॉनसारखे तंतू मोजत होत्या. एका किनाऱ्याचा कचरा दुसऱ्या किनाऱ्याला लागतो, तेव्हा निदान मोजमाप तरी एक असावे, एवढाच त्यामागचा विचार. त्यासाठी सगळ्यांना एकच नियमावली होती. धुतलेल्या काचेच्या बशा पालथ्या घालून आपोआप वाळू द्याव्यात, हे वाक्य मोरीवरच्या भिंतीवर चिकटवलेले होते. दिनानाथांनी ते वाचलेही होते. पण वाळलेल्या थेंबाचा डाग त्यांना काचेवर कधी सोसला नव्हता. फार पूर्वी एका साहेबांनी म्हटले होते, “दिनानाथ, तुझी बशी हातात घेतली की रिकामाच हात वाटतो.” त्या एका वाक्यावर त्यांनी सारी नोकरी काढली होती. म्हणून रोज सकाळी, इतरांच्या आधी येऊन, ते एकेक बशी पुसून ठेवीत. सुती फडक्याचे तंतू सुटतात, म्हणून त्यांच्या बायकोने, जयमालाने, त्यांना आपल्या जुन्या नायलॉनच्या धूपछाव साडीचा तुकडा कापून दिला होता. “घ्या,” ती म्हणाली होती, “तुमच्या काचांचे लाड माझ्या साडीच्या जिवावर!” त्या साडीचे उभे धागे मोरपिशी होते, आडवे राणी.

हवेतली भेसळ कळावी म्हणून प्रत्येक नमुन्याशेजारी एक कोरी बशी उघडी ठेवत. ती बर्गनहून सीलबंद येई; तिला धुवावे-पुसावे लागत नसे. म्हणून ती दर वेळी निर्मळ निघाली, आणि चूक कुणाच्या नजरेस आली नाही.

फडके खणात घडी घालून ठेवलेले होते. ते कचऱ्यात टाकले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. ऑगस्टअखेर निवृत्ती, निरोपाच्या दिवशी कुणी ना कुणी त्यांच्या काचेबद्दल बोललेच असते, आणि त्याखेरीज बोलण्यासारखे त्यांच्यापाशी काही नव्हते. दिघ्याचा तो कारखाना त्यांनी कधी पाहिला नव्हता. तरीही त्याच्या फाटकाबाहेर पायरीवर बसून डबा खाणारी माणसे उगाचच त्यांच्या डोळ्यांपुढे आली. त्यांनी फडके उचलले आणि अस्मिता मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवले.

सगळे ऐकून झाल्यावर मॅडमनी विचारले, “किती बशा पुसल्यात, काका?”

“सगळ्या.”

“कधीपासून?”

“पयल्या दिवसापासून, मॅडम.”

मॅडमनी चिमट्याने फडक्याचे दोन धागे काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. रंग तेच होते.

“मॅडम, सांगायलाच पायजे का?” सुयशचा आवाज खाली आला होता. “कोरी बशी क्लीन आहे. कोण विचारणार?”

“कारखान्याला नोटीस गेल्यावर तिथले लोक विचारतील,” त्या म्हणाल्या. मग दिनानाथांकडे न पाहता, “हाताळणीत चूक झाली, एवढंच सांगते. तुमचं नाव नको.”

“नाव सांगा, मॅडम. नायतर या पोराच्या अंगावर येईल. मोजणारा तो आहे.”

सुयशने तोंड फिरवले.

तीन वाजता पडद्यावर चार चौकटी उजळल्या, आणि मध्ये सगळ्यांचा मिळून केलेला तक्ता. दिनानाथ मॅडमच्या खुर्चीमागे उभे होते. इंग्रजी भराभर चालली होती. तिच्यातून ‘क्लॉथ’ हा शब्द आणि स्वतःचे नाव तेवढे त्यांना कळले. बर्गनच्या बाई कीबोर्डकडे वळल्या. मग ठाणे खाडीच्या ओळीतले आकडे एकामागून एक नाहीसे झाले. तीन महिने पुसले जायला एक मिनिटही लागले नाही.

“आता?” दिनानाथांनी हळूच विचारले.

“आता सगळं परत. पहिल्यापासून,” सुयश पुटपुटला. “आणि काका, फडक्याला हात लावलात तर काकूंना फोन करीन.”

एवढ्यात मोम्बासाच्या चौकटीत हालचाल झाली. तिथल्या तरुण शास्त्रज्ञाने आवाज बंद केला, मागे वळून कुणाला तरी हाक मारली. पांढरा कोट घातलेला एक म्हातारा आत आला. त्याने हात मागे बांधले होते. शास्त्रज्ञाने काहीतरी विचारले. म्हातारा घुटमळला, मग त्याने डावा तळवा पुढे पसरला आणि उजव्या हाताने त्यावर गोल गोल फिरवून दाखवले.

कुणालाच भाषांतराची गरज पडली नाही. “गेली अजून एक ओळ,” सुयश म्हणाला. पण या वेळी त्याच्या बोलण्यात राग नव्हता. सेबूच्या बाईही खुर्चीवरून उठून कुठेतरी विचारायला गेल्या होत्या.

मोम्बासाचे आकडे पुसले जात असताना तो म्हातारा तसाच उभा होता, मान खाली घालून. त्याला जायला कुणी सांगितले नव्हते, थांबायलाही नाही.

दिनानाथ मॅडमच्या खुर्चीमागून एक पाऊल पुढे सरकले, कॅमेऱ्यात आपला चेहरा दिसेल एवढेच, आणि त्याने मान वर करण्याची वाट पाहत राहिले.