उसना होकार

आत्माराम ठाण्याच्या बँकेतून निवृत्त होऊन कोकणातल्या नाटे ह्या आपल्या गावी परत आला, तेव्हा त्याच्या सामानात दोन फ्रीज, एक बायको आणि मराठी भाषेचं रक्षण एवढ्या गोष्टी होत्या. फ्रीज गावच्या विजेने वर्षभरात बंद पाडले. बायको लेकीच्या बाळंतपणाला कॅनडाला गेली आणि तिकडेच रमली. रक्षण तेवढं उरलं.

सगुणा त्याची चुलत वहिनी. नवरा गेल्यावर लोकांनी तिला होडी विकायचा सल्ला दिला होता. सल्ला देणाऱ्यांतच दोन गिऱ्हाइकंही होती. तिने कोणाचं ऐकलं नाही. पदर खोचला आणि 'जलदेवी'ची नाखवीण झाली. डिझेल, बर्फ, जाळी, लिलाव, सगळं स्वतः बघू लागली. होडी चालवणारा तांडेल रघू तेवढा गावचा. बाकीचे खलाशी बाहेरचे, म्हणजे तिघे नेपाळचे, दोघे कर्नाटकातल्या होन्नावरकडचे आणि एक झारखंडचा. गावची पोरं मुंबईत. ती गणपतीला येत, जेटीवर उभी राहून फोटो काढत आणि मासे कोणत्या दिवशी ताजे मिळतील ते विचारून परत जात.

'जलदेवी'वर कोणती भाषा बोलायची ते कोणी ठरवलं नव्हतं. जाळं मराठीत ओढलं जाई, इंजिनाला शिव्या हिंदीत बसत, मंजप्पा भात कानडीत वाढी, आणि वारा फिरला की टेकबहादूर कुठल्याशा डोंगरावरच्या देवीला नेपाळीत हाक मारी. सगुणाला ह्या सगळ्या भाषा येत, सगळ्या वाईट येत, पण तिने हाक मारली आणि माणूस आला नाही असं कधी झालं नव्हतं.

आत्मारामाने गावात 'मायबोली रक्षक मंडळ' काढलं. अध्यक्ष तो, चिटणीस त्याचा पुतण्या अजिंक्य. अजिंक्यचं काम मोबाइलवर चित्रीकरण करून ते मंडळाच्या पानावर टाकणं. मंडळाने पहिल्या महिन्यात बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर एक मोठा स्टिकर लावला, 'येथे फक्त मराठीतच बोलावे.' मासे न्यायला आलेला केरळचा व्यापारी त्या स्टिकरला पाठ टेकून फोनवर हिंदीत भाव करू लागला. सावली चांगली पडायची तिथे.

दुसऱ्या महिन्यात आत्मारामाने स्वतःच्या होडीचं नाव पुसलं. बापाने ठेवलेलं 'दर्यादौलत' जाऊन तिथे 'मायबोली' आलं. दर्या आणि दौलत हे दोन्ही शब्द बाहेरचे, असा शोध त्याला मोबाइलवर लागला होता. पुढे खलाशी, बंदर, नाखवा हेही बाहेरचे निघाले, तेव्हा त्याने मोबाइल मिटून ठेवला. त्या जोशात त्याने होडीवरचे बाहेरचे खलाशीही काढून टाकले. मंडळाची पोरं होडी चालवतील म्हणाला.

इथवर सगुणाला काही म्हणायचं नव्हतं. आपला तो बाब्या, असं म्हणून गाव गप्प होतं, तशी तीही होती. पण नारळी पौर्णिमा आठवड्यावर आली आणि आत्माराम तिच्या पडवीत येऊन बसला.

"वहिनी, यंदा गाऱ्हाण्याच्या वेळी तुमचे परभाषक जेटीवर नकोत."

गावाच्या वतीने देवासमोर मागणं मांडायचं, ते गाऱ्हाणं. मानकऱ्याने एकेक मागणी बोलायची आणि जमलेल्या माणसांनी प्रत्येक मागणीला "व्हय महाराजा" असा होकार द्यायचा. होकार नसेल तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, असं सगळे मानत. मान आत्मारामाच्या घराण्याचा; तो ठाण्यात असेपर्यंत घराण्यातलंच दुसरं कोणी ते घाली.

"का? चोऱ्या केल्या त्यांनी?" सगुणाने विचारलं.

"तसं नव्हे. गाऱ्हाणं हा आपला भाषिक ठेवा आहे. त्यात परका स्वर मिसळू नये."

"भावजी, इतकी वर्षं ह्या परक्यांनीच घसे फोडले. तुम्ही तेव्हा ठाण्यात बसून मोबाइलवर हात जोडलेली चित्रं पाठवत होतात."

आत्माराम हसला नाही. भाषेचं रक्षण करताना हसायचं नसतं, असा त्याचा नेम होता. "आणखी एक," तो म्हणाला. "ह्या हंगामात ज्या होडीवर परभाषक असतील, तिचं नाव मी गाऱ्हाण्यात घेणार नाही. तुम्हाला मंडळ पोरं देईल."

सगुणाचं घोडं इथे पेंड खात होतं. गाऱ्हाण्यात नाव न घेतलेल्या होडीवर रघू पाय ठेवत नसे. त्याच्या बापाने एकदा ठेवला होता आणि रघूने बापाचं तोंड परत पाहिलं नव्हतं. दुसरा तांडेल ह्या दिवसांत देवाला मागूनही मिळाला नसता. आणि खलाशी सोडावेत, तर ते दुसऱ्या दिवशी मिरकरवाड्याच्या बंदरात दुसऱ्याच्या होडीवर दिसले असते, पुढच्या वर्षी परत आलेच नसते. नवरा गेला त्या वर्षी 'जलदेवी' किनाऱ्यावर कलंडून पडली होती, पोटाला शेवाळ धरून. ते तिला परत बघायचं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "नाव घ्या. माणसं मागे बसतील."

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर."

आत्मारामाला हा होकार वाटला. बँकेत त्याने आयुष्यभर अशाच होकारांवर सह्या घेतल्या होत्या.

रघूला तिने सांगितलं, तेव्हा त्याने विडी विझवली. "नाव घेतलं की मी जायन. पण पोरं कोणती देतोय तो? अजिंक्य? त्याला साकवावरून ओढा ओलांडताना चक्कर येते."

"तू जायला तयार राहा," सगुणा म्हणाली. "माणसांचं मी बघते." काय बघणार, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

पौर्णिमेला दुपारची भरती होती. आभाळ भरलेलं, पण वारा पडलेला. होड्यांना झेंडे, झेंडूच्या माळा. टेकबहादूर, मंजप्पा आणि बाकीचे पिशव्या बांधून बर्फाच्या कारखान्याच्या मागे बसले होते. राजापूरची एसटी चारला होती. नाखवीण बाईने थांबा म्हटलं होतं म्हणून थांबले होते, एवढंच.

मंडळाच्या मुंबईच्या ग्रुपवर पन्नास अंगठे उठले होते. जेटीवर आली सहा पोरं. एकाने गॉगल लावला होता, एक चप्पल भिजू नये म्हणून पाण्यापासून लांब उभा होता. बाकी गावातली म्हातारी माणसं, बायका, आणि सगळ्यांत पुढे खुर्चीवर आनंदीबाई, गावातली सगळ्यांत म्हातारी. तिला कमी दिसे, पण ऐकू नको तेवढं येई.

आत्माराम सोवळं नेसून, हातात नारळ धरून उभा राहिला. जुनं गाऱ्हाणं ओबडधोबड, म्हणून त्याने ते नव्याने रचलं होतं.

"हे सागरदेवते, आम्ही समस्त ग्रामस्थ आपल्या चरणी विनम्रतापूर्वक निवेदन सादर करीत आहोत की, गतवर्षीच्या हंगामात आपल्या कृपाप्रसादाने प्राप्त झालेल्या मत्स्यसंपदेबद्दल कृतज्ञता व्यक्त करून..."

"देवाकडे कर्जाचा अर्ज केलाय काय?" रघूने सगुणाच्या कानाशी विचारलं.

"गप ऱ्हा. नाव येऊ दे."

जुन्या गाऱ्हाण्यात मागणी संपली की मानकऱ्याचा आवाज चढायचा आणि होकार आपोआप तोंडातून निघायचा. वाकडं असेल ते सरळ कर रे महाराजा, की व्हय महाराजा! इथे वाक्य संपेचना. सहा पोरं एकमेकांकडे बघू लागली. एकाने मध्येच "व्हय" म्हटलं, तेव्हा आत्माराम 'कृतज्ञता' शब्दावर होता. त्याने डोळे वटारले. मग वाक्य खरोखरच संपलं, तर होकार द्यायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

"आत्म्या, देव झोपला रे," आनंदीबाई म्हणाली.

पण अजिंक्य हा काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. पन्नासांतले सहाच येणार, हे त्याला अंगठे मोजतानाच कळलं होतं. त्याने पिशवीतून काळा स्पीकर काढून खुर्चीच्या पायाशी ठेवला. मागच्या वर्षी त्याने जेटीवरच्या गाऱ्हाण्याचं चित्रण केलं होतं आणि मंडळ निघाल्यावर 'हीच आमची संस्कृती' असं वर लिहून ते टाकलं होतं. त्याला मंडळाच्या पानावर सगळ्यांत जास्त पसंती मिळाली होती. त्यातला होकार त्याने कापून घेतला होता. कोणाचा होकार, हे बघायची त्याला गरज वाटली नाही. आवाज दणदणीत होता, एवढं पुरे होतं. काकांना त्याने सकाळीच सांगून ठेवलं होतं आणि काका 'ध्वनिमुद्रण' म्हणून खूश झाले होते.

आत्मारामाने मान हलवली, घसा खाकरला आणि ठरवलेली मुख्य मागणी काढली.

"हे सागरदेवते, आमच्या किनाऱ्यावर परप्रांतीय भाषांचे जे आक्रमण झाले आहे, ते समूळ दूर कर!"

अजिंक्यने बोट दाबलं.

"व्हय महाराजाऽऽ!"

जेटी दणाणली. शेवटचा आकार लांबवून, एक गिरकी देऊन वर नेलेला. असा आकार गावात एकच माणूस लावी. त्याच्या पाठोपाठ एक जाडा, भांड्यात बोलल्यासारखा आवाज, आणि त्यामागे खोकला. मंजप्पाचा खोकला किनाऱ्यावरच्या कुत्र्यांनाही ओळखता येत होता.

बायकांत कोणीतरी फस्सकन हसलं. आत्मारामाला वाटलं, श्रद्धेचा हुंदका आहे. त्याने पुढची मागणी घेतली.

"येथे केवळ आपलीच माणसे नांदोत!"

"व्हय महाराजाऽऽ!" टेकबहादूरने मागच्या वर्षातून मनापासून होकार दिला.

आता पोरंही हसत होती. गॉगलवाल्याने गॉगल काढला. अजिंक्यला काहीतरी बिघडलंय एवढं कळलं, पण काय ते कळेना. तो आवाज कमी करायला गेला, तर वाढला.

"आमच्या सर्व नौकांचे, 'मायबोली', 'जलदेवी', 'श्रीदत्त'..."

"व्हय महाराजाऽऽ!"

"...रक्षण कर!" आत्माराम ओरडला आणि त्याने नारळ पाण्यात टाकला, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

कारखान्याच्या कोपऱ्यावरून डोकी बाहेर आली होती. सगळ्यांच्या पुढे मंजप्पा, बरोबर स्टिकरखाली.

"अरे टेकू," तो म्हणाला, "ये तो अपुन है!"

मग मात्र जेटीवर कोणी कोणाचं ऐकेना. आनंदीबाईला उचकी लागली, तिला पाणी द्यावं लागलं. सगुणा हसली नाही. तिने फक्त रघूकडे पाहिलं.

रघूने टोपी सारखी केली. "नाव घेतलं?"

"घेतलं."

"होकार आला?"

"साऱ्या गावाने ऐकला."

"कोणी दिला?"

"तुझ्याच माणसांनी."

"मग काय," रघू म्हणाला आणि कोपऱ्याकडे बघून त्याने हाक मारली, "ए टेकू, मंज्या, पिशव्या घ्या! भरती तुमच्यासाठी थांबलीय काय?"

आत्माराम आडवा आला. नेसलेलं सोवळं एका हाताने सावरत होता. "थांबा! ही तांत्रिक चूक आहे. हा होकार ग्राह्य धरता येणार नाही. गाऱ्हाणं पुन्हा घालण्यात येईल."

"घातलेलं गाऱ्हाणं मागे घेत नाहीत, आत्म्या," आनंदीबाई खुर्चीतून म्हणाली. "तुझ्या आज्याला विचार. आणि दुसऱ्यांदा व्हय म्हणायचं कोणी? ह्या शेंबड्यांनी?"

"वहिनी, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता," सगुणा म्हणाली. "माणसं मागे बसतील म्हटलं, बसली. आवाज पुढे आला, तो तुमच्या पुतण्याने आणला. आता जो देवाला चालला तो मला का चालू नये, एवढं शुद्ध मराठीत समजावून सांगा, मी उभी आहे."

आत्मारामाने तोंड उघडलं. त्याच वेळी अजिंक्यच्या हातातून स्पीकर निसटला आणि पडता पडता आणखी एकदा म्हणाला, व्हय महाराजा.

'जलदेवी' भरतीबरोबर सुटली. राजापूरची एसटी चारला आली, रिकामीच वळली. 'मायबोली'वर मंडळाची सहा पोरं चढली होती, पण इंजिन सुरू होताच दोघांना मळमळलं, एकाला मुंबईहून फोन आला, आणि बाकीच्यांनी आधी चित्रण करून घेऊ म्हणत तेवढ्यात भरती घालवली.

'जलदेवी' परतली, तेव्हाही 'मायबोली' दोरीलाच होती, रंग नवा कोरा. जेटीवर लिलाव चालला होता. सगुणा सुरमईच्या ढिगापाशी उभी होती, केरळच्या व्यापाऱ्याशी हिंदीत भांडत, मध्येच रघूला मराठीत आणि मंजप्पाला कानडीत बजावत. आत्माराम थोडा वेळ बाजूला घुटमळला. तिने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

शेवटी तो जवळ आला. "वहिनी, तुमच्या त्या लोकांच्या गावाकडे आणखी चार-सहा जण असतील का? तात्पुरते. हंगामापुरते."

"मला काय विचारता? मी का त्यांच्या गावची आहे? तो बसलाय टेकू. त्यालाच विचारा."

टेकबहादूर स्टिकरखाली सावलीत जाळं सांधत बसला होता. आत्माराम त्याच्यासमोर उभा राहिला. एकदा वर स्टिकरकडे, एकदा मागे लोकांकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "भाई, तुम्हारे गाँव से आदमी लोग मिलेगा क्या?"

टेकबहादूरने सुई थांबवली नाही. त्याने सगुणाकडे पाहिलं. ती सुरमई मोजून घेत होती, मान वर न करता म्हणाली, "मोठ्यांदा विचारा, भावजी. गाऱ्हाण्यासारखं. होकार द्यायला मग बरं पडतं त्याला."