उलटे पाते

सुनेने टाचण्यांच्या उशीखालचा कागद अलगद ओढून काढला आणि प्रिंटरमधून नुकताच निघालेला, अजून कोमट असलेला दुसरा कागद त्या जागी सरकवला. जुन्याचा वरचा कोपरा दुमडलेला होता, म्हणून तिने नव्याचाही दुमडला. चोराच्या मनात चांदणे म्हणतात, तसे तिचे झाले होते; पंख्याच्या वाऱ्याने कागद फडफडला तरी ती दाराकडे बघत होती. पलीकडच्या खोलीतून सासूबाईंचे घोरणे ऐकू येत होते. ते चालू होते तोवर भीती नव्हती.

कागदावर गोधडीच्या चौथ्या ओळीचे सहा चौकोन छापलेले होते. प्रत्येक चौकोनात एक भिंगरी. चार गडद पाती, चार फिकट, सगळी एकाच अंगाला वळलेली. अशा आठ ओळी, खाली शाईसारख्या निळ्यापासून वर जवळजवळ पांढऱ्यापर्यंत. सहा आठे अठ्ठेचाळीस भिंगऱ्या, एका वाऱ्याने फिरणाऱ्या. यातले एखादेच पाते उलटे शिवले गेले की ते शेजारच्यावर जाऊन आदळते आणि भिंगरी जागच्या जागी थांबते. आज सकाळी सासूबाईंनी शिवलेल्या दोन भिंगऱ्या थांबल्या होत्या. सकाळच्या कागदावर सहाही फिरत होत्या. दुपारच्या कागदावर मात्र त्याच दोन थांबलेल्या होत्या.

हे काम कॉम्प्युटरवर फारसे अवघड नव्हते. शिवलेला चौकोन बघायचा, स्क्रीनवरच्या चौकोनातले तेच पाते क्लिक करून उलटवायचे. मग अख्खी गोधडी लहान करून लांबून बघायची. एकटी थांबलेली भिंगरी डोळ्याला खुपते, म्हणून पुढच्या एखाद्या ओळीत समोरासमोरच्या जागी तशीच आणखी एक घालायची. एकदा झाली तर चूक, दोनदा झाली तर नक्षी. महिनाभरात त्या गोधडीत वारा कुठे वाहत होता, कुठे पडत होता, आणि एखाद्या परक्याने पाहिली असती तर म्हणाला असता, काय कल्पना आहे! सून मात्र दर वेळी फाइल सेव्ह करताना स्क्रीनकडे न बघता बटण दाबत असे.

मूळची नक्षी दोघींची होती. सुनेच्या नवऱ्याने नक्षी काढायचा हा प्रोग्रॅम घरी आणला तेव्हा सासूबाईंनी स्क्रीनच्या मागे डोकावून विचारले होते, "यात सुई कुठून ओवायची?" पण आठवडाभरात त्याच स्टूल ओढून बसू लागल्या. एक चौकोन काढला की क्षणात त्याचे अठ्ठेचाळीस होतात, हवा तसा फिरवता येतो, आरशात धरल्यासारखा पालटता येतो, हे बघून त्या म्हणाल्या, "याला कंटाळा येत नाही, एवढंच काय ते याचं कौतुक." मग सून माउस धरी आणि त्या हुकूम सोडत. अजून गडद. अंहं, तो नको, शाळेच्या गणवेशासारखा दिसतो. घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात गिऱ्हाईक आले तरी दोघी उठत नसत. भिंगऱ्यांची गोधडी नातीसाठी होती. ती नोकरीला लांबच्या शहरात जायची होती, आणि तिथे थंडी फार असे ऐकले होते.

नक्षी पुरी झाली आणि दोनच महिन्यांनी डॉक्टरांनी सासूबाईंच्या विसरण्याला आजाराचे नाव दिले.

त्यांना त्या नावाचे विशेष वाटले नाही. त्यांनी सुनेला समोर बसवले आणि आपल्या थोरल्या बहिणीची गोष्ट सांगितली. तिचेही असेच झाले होते. हात गेला, तरी ती शिवत राहिली. घरचे, दारचे, सगळे वा वा करत घेऊन जात.

"आणि मी एकदा एकीच्या घरी गेले, तर बहिणीची गोधडी कुत्र्याखाली घातलेली. कुत्रं बिचारं सुखात होतं. तिला मात्र शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही."

"आई, कशाला तसलं आठवायचं?"

"मुद्दाम आठवतेय. उद्या आठवणार नाही. ऐक, माझा हात चुकला की तोंडावर सांगायचं. माझी गोधडी कुणी कीव करून पांघरायची नाही. शब्द दे."

सुनेने शब्द दिला होता. त्या वेळी तो देणे सोपे होते.

त्यानंतर एकेक गोष्ट त्यांच्या हातून काढून घेतली गेली. आधी गॅस, मग कपाटाच्या किल्ल्या, मग एकटीने कोपऱ्यापर्यंत जाणे. दर वेळी घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नसे. सुई तेवढी राहिली होती. सकाळी चष्मा लावून त्या खिडकीशी बसल्या की त्यांचा चेहरा पूर्वीचा होई, जीभही पूर्वीची होई. तिसऱ्या ओळीत पहिले पाते उलटे लागले तेव्हा सून सांगायलाच निघाली होती. दारापर्यंत गेली. सासूबाई दोरा तोडत कसलेसे जुने गाणे गुणगुणत होत्या. ती परत फिरली आणि कॉम्प्युटर चालू केला.

नवऱ्याला तिने पाचव्या ओळीनंतर सांगितले. तो जेवता जेवता थांबला.

"तिला कळलं तर?"

"कसं कळेल? कागदच तसा असतो."

"बघ बाई. तू तिला ओळखतेस." आणि थोड्या वेळाने, "मला विचारशील तर गरम असली की झालं." तो विनोद होता. दोघांपैकी कुणी हसले नाही.

सहाव्या ओळीच्या वेळी एका दुपारी घोरणे ऐकू आले नाही. सून स्क्रीनसमोर होती. मागे स्टूल सरकल्याचा आवाज झाला आणि सासूबाई शेजारी येऊन बसल्या. मांडीवर शिवणाची टोपली होती.

"झोपला नाहीत?"

"शेवटच्या ओळीचा कागद काढ."

"आई, अजून सहावीच—"

"सहावीच चालू आहे, मला माहीत आहे. शेवटच्या ओळीचा काढ."

प्रिंटर घरघरला. सहा फिकट भिंगऱ्या, सगळ्या फिरत्या, बाहेर आल्या. सासूबाईंनी कागद हातात घेऊन दूर धरला, जवळ धरला, मग टेबलावर ठेवून पेन पुढे केले.

"यावर आजची तारीख घाल. आणि खाली तुझी सही."

"सही कशाला?"

"घाल म्हटलं ना."

सुनेने तारीख घातली. खाली सही केली. सासूबाईंनी टोपलीतून कातरलेले त्रिकोण काढले आणि तिथेच, कॉम्प्युटरच्या टेबलाशी, शिवायला घेतले. पहिली जोडी. दुसरी. टाके अजून तसेच होते, तांदळाएवढे, एकसारखे. त्यात आजही खोट काढायला जागा नव्हती. तिसरी जोडी त्यांनी उचलली, कागदाकडे पाहिले, हातातल्या तुकड्यांकडे पाहिले, पुन्हा कागदाकडे पाहिले आणि उलटी लावली. सुनेच्या तोंडात शब्द आला होता. तिने तो गिळला. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले.

चौकोन पुरा व्हायला पाऊण तास लागला. सासूबाईंनी तो कागदावर, पहिल्या भिंगरीशेजारी मांडला आणि तळव्याने सपाट केला.

"बघ."

सुनेचा हात आपोआप माउसकडे गेला. सासूबाईंनी त्यावर आपला हात ठेवला. हात हलका होता, पण उचलला नाही.

"तिकडे नाही. इकडे बघ. जुळतंय का?"

सून बघत राहिली. तिला वाटले, आता तरी विजेने जावे, दारावर कुणी थाप मारावी. काहीच झाले नाही.

"नाही," ती म्हणाली. "तिसरं पातं उलटं लागलंय, आई."

सासूबाईंनी मान हलवली. त्यांनी चष्म्याचे घर उघडले, त्यातून घडी केलेली चिठ्ठी काढली आणि सुनेपुढे ठेवली. चिठ्ठीवर पेन्सिलीच्या उभ्या रेघा होत्या. चार, आणि पुन्हा चार.

"विसरते म्हणून लिहून ठेवलं. झोपायच्या आधी चूक दिसायची. म्हणायचे, उठल्यावर उसवू. उठून बघावं तर कागदावर तसंच छापलेलं. पहिल्यांदा वाटलं, आपल्याच बघण्यात आलं नसेल. दुसऱ्यांदा वाटलं, स्वप्न पडलं असेल." त्या थांबल्या. "चौथ्यांदा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. म्हटलं, हात गेला तर गेला, आता डोळ्यांवरचाही भरवसा गेला."

सुनेला तोंड वर करवेना. तिला वाटत होते की आपण त्यांची सुई राखली. आणि ती ज्याच्या जोरावर चालत होती तेच रोज दुपारी, कोपरा दुमडून, आपण काढून घेत होतो.

"माझे डोळे खरं सांगत होते, बाई. तू त्यांना खोटं पाडलंस."

"चुकलं माझं."

"चुकलंच." सासूबाईंनी आवाज चढवला नाही. "आता नीट सांग. आधीच्या चुका किती?"

सुनेने फाइलमध्ये बघितले नाही. आकडा तिला पाठ होता.

"अकरा."

"अकरा?"

त्यांनी चिठ्ठी पुन्हा हातात घेतली आणि बोटाने रेघा मोजल्या. एकदा मोजल्या, दोनदा मोजल्या. मग चिठ्ठी घडीवरून दुमडली.

"मला आठच सापडल्या होत्या," त्या म्हणाल्या.

स्क्रीन आपोआप काळी झाली. सासूबाईंनी सुई दोऱ्यासकट उशीत खोवली, त्रिकोण रंगांप्रमाणे वेगवेगळे केले आणि टोपली सुनेच्या बाजूला सरकवली.

"उरलेले तू शिव. या घरात दुसरं कोण आहे? आणि आहे तशीच पुरी कर, उसवत बसू नकोस. पोरीला थंडी न वाजण्याशी मतलब. पण तिला सांग, आजीचा हात कुठे कुठे चुकलाय ते. दाखव एकेक."

"सांगते."

"आणि उद्या मी हे विसरेन."

"आई—"

"विसरेन ग. काल काय जेवले ते आठवत नाही, हे काय आठवणार? उद्या मी सकाळी तिथे खिडकीत बसेन आणि कागद मागेन. तेव्हा परत सांगायचं. असंच, तोंडावर. परवाही सांगायचं. मी चिडेन, तुला नाही नाही ते बोलेन. तरी सांगायचं." त्यांनी सुनेकडे पाहिले. "एकदा सांगायला एवढे दिवस लावलेस. जमेल का तुला?"

सुनेने चौकोन उचलला, त्याच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख घातली आणि बाकीच्यांवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चष्मा लावून खिडकीशी बसल्या. ऊन त्यांच्या मांडीपर्यंत आले होते. टोपली शोधून त्यांनी ती जवळ ओढली होती, सुईही ओवली होती. टाचण्यांची उशी उचलून त्यांनी खाली पाहिले.

"अगं, आज कागद ठेवला नाहीस का?"

सून स्वयंपाकघरातून हात पुसत आली. कॉम्प्युटरवरून तिने नजर फिरवली, तो बंदच होता. तिने स्टूल ओढले आणि त्यांच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, बसली.

"आई, सुई खाली ठेवा. एक सांगायचंय."

"एवढं तोंड का पाडलंयस?" सासूबाई हसल्या. "सांग की. मी काय तुला खाते?"

सुनेने त्यांच्या हातातून सुई घेतली नाही. त्यांनी ती आपल्या हाताने खाली ठेवेपर्यंत ती थांबली, आणि मग पहिल्या उलट्या पात्यापासून सगळे सांगितले.