हजर

माणूस खुर्चीत बसला की आधी त्याची मान बदलते आणि मग डोळे, असं लोक म्हणतात. नगरपालिकेच्या अध्यक्षबाई हे ऐकून हसायच्या. आपल्यावर नजर ठेवायला ताई आहे, ती आपल्याला असं बिघडू देणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

ताई त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठी. लहानपणीच्या तापात तिचे पाय गेले आणि पायांमागोमाग शाळाही गेली, कारण शाळेला पायऱ्या होत्या. मग धाकटी रोज घरी आली की पलंगासमोर उभी राहून शाळा भरवायची. विद्यार्थिनी एकच, तरी हजेरी झालीच पाहिजे. धाकटी नाव पुकारायची, ताई ‘हजर’ म्हणायची, आणि मास्तरीणबाई मुद्दाम कानावर हात ठेवून ‘ऐकू नाही आलं’ म्हणायच्या. मग ताई घर दणाणून सोडायची आणि आई लाटणं घेऊन दारात यायची.

पुढे विद्यार्थिनी मास्तरणीच्या पुढे गेली. अर्ध्या वस्तीचे अर्ज ताई लिहायची आणि बहिणीची भाषणंही तीच लिहायची. निवडणुकीत धाकटी अध्यक्ष झाली तेव्हा ताईही प्रभाग अकरामधून निवडून आली, आणि तीही कुणाच्या दयेवर नाही. लोकांना कामाचं माणूस कळतं.

फक्त सभागृह होतं वरच्या मजल्यावर. एकतीस पायऱ्या, मध्ये एक अरुंद वळण. दर सभेला चार शिपाई ताईला चाकांच्या खुर्चीसकट उचलून वर न्यायचे.

“निघाली बाई माझी वरात,” ती हसत म्हणायची. “नवरदेव तेवढा शोधा कुणीतरी.”

शिपाई हसायचे. ताईचे हात मात्र खुर्चीच्या दांड्यांवर पांढरेफटक पडलेले असायचे, आणि ते एकट्या अध्यक्षबाईंना दिसायचं.

मग एकदा त्या वळणावर एका शिपायाचा पाय सटकला. ताई पडली आणि तिचं मनगट मोडलं. प्लॅस्टरमधल्या हातानं बहिणीच्या हाताला धरून ती म्हणाली, “छोटे, आता पुरे झालं. फक्त एकदा येईन वर, ठराव मांडायला. सभा खाली आणा. ठराव मंजूर झाला तर मी सदस्य. नाही झाला तर मला पुन्हा कुणी उचलायचं नाही.”

तळमजल्यावर एक ऐसपैस दालन होतं. त्यात मोडकी कपाटं आणि जुन्या फायली पडून होत्या. झाडूनपुसून घेतलं की काम झालं असतं. पण उपाध्यक्षांना ते पटेना. “वाडवडिलांपासून सभा वरच भरते,” ते म्हणाले. वाडवडिलांच्या किती गोष्टी त्यांनी सोडल्या होत्या हे त्यांना कोण विचारणार!

त्या सभागृहाची एक पद्धत होती. ठराव मताला टाकला की बाजूच्यांनी जागेवर उभं राहायचं आणि अध्यक्षांनी बोट फिरवून मोजायचं. मग विरोधातल्यांनी उभं राहायचं. अध्यक्ष हातोडा आपटून निकाल सांगणार की विषय संपला. सदस्य सोळा. मतं समसमान पडली तरच अध्यक्षांचं मत धरायचं. दोघी बहिणींनी आदल्या दिवशी हिशेब केला होता. आठ इकडे, आठ तिकडे, आणि वर अध्यक्षबाईंचं एक.

चाकांची खुर्ची रांगांमध्ये शिरत नव्हती, म्हणून ताई सगळ्यांच्या मागे, भिंतीशी बसायची. ठराव मताला आला. बाजूचे सदस्य उभे राहिले. अध्यक्षबाईंनी बोट फिरवलं. सात. पुन्हा फिरवलं, तरी सातच. कुणीतरी शब्द फिरवला, या विचारानं त्यांचं डोकं तापलं. त्या उभ्या चेहऱ्यांमध्ये गद्दार कोण ते शोधत राहिल्या. मग विरोधातले आठ उभे राहिले. हातोडा पडला. “सात विरुद्ध आठ. ठराव नामंजूर.”

बाकं वाजली आणि सगळे खाली बसले. तेव्हा मागची भिंत दिसली. भिंतीशी ताई होती, तिचा चांगला हात अजून वर होता. तिच्या बाजूनं उभ्या राहिलेल्यांच्याच पाठीआड ती झाकली गेली होती.

अध्यक्षबाईंचं तोंड उघडलं आणि मिटलं. उपाध्यक्ष पुढचा विषय वाचू लागले होते.

घरी गेल्यावर ताई रडली नाही, की तिनं आदळआपटही केली नाही. जेवताना तेवढं म्हणाली, “बाकीच्यांनी मोजलं नसतं तर मला काही वाटलं नसतं गं. त्यांना कुठे सवय आहे? पण बोट तुझं होतं.”

“ताई, माझं चुकलं. मी दुरुस्त करते.”

“कर. मी थांबते.”

दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाईंनी म्हाताऱ्या कारकुनाला गाठलं. त्याचे केस त्याच कचेरीत पिकले होते. तो म्हणाला, “मार्ग एकच आहे, बाई. भर सभेत म्हणायचं की मोजणीत माझी चूक झाली. मग मत पुन्हा घेता येतं. पण उपाध्यक्ष टपूनच बसलेत. ज्यांना सोळा माणसं मोजता येत नाहीत त्या गाव काय चालवणार, असं म्हणतील. अविश्वासाचा ठराव आलाच म्हणून समजा.”

“पुढच्या सभेत सांगते,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

पुढच्या सभेत पाण्याचा विषय होता. त्याच्या पुढच्या सभेत रस्त्याचा. कारणं काय, शोधली की सापडतात. दोन्ही वेळा पर्समध्ये कागद होता, त्यावर चुकीच्या कबुलीच्या तीन ओळी होत्या, आणि दोन्ही वेळा तो तसाच घरी परत आला. ताई दोन्ही सभांना गेली नाही. सलग तिसरी सभा चुकली की सदस्यत्व जातं, हे दोघींना पाठ होतं.

“माझ्या खुर्चीला चाकं आहेत नि तुझ्या खुर्चीला चांगले चार पाय,” ताई एकदा म्हणाली. “तरी तुझीच का गं एवढी डळमळते?” दोघीही हसल्या. अध्यक्षबाई हसता हसता उठून मोरीत गेल्या आणि कितीतरी वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या. त्यांना स्वतःची लाज वाटत होती आणि भीती त्याहून जास्त वाटत होती.

तिसऱ्या सभेच्या सकाळी ताई नवी साडी नेसून तयार झाली. “मी येते. जिन्याखाली बसेन. तू हजेरी घे, मी खालून ओ देईन. मग ते विचारतील, खालून का? तेव्हा तू सांग.” तिनं सगळं सोपं करून दिलं होतं, पूर्वी भाषणं लिहून द्यायची तसंच.

दुपारी सभागृह भरलं. जिन्याकडचं दार अध्यक्षबाईंनी उघडं ठेवायला लावलं. कागद समोर ठेवला. हजेरी सुरू झाली. प्रभाग एक, दोन, तीन. आवाज कापत होता, पण चालला होता.

“प्रभाग अकरा.”

“हजर!” खालून आवाज आला. एकतीस पायऱ्या चढून, वळण घेऊन, अगदी स्पष्ट आला.

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. मग उपाध्यक्ष गालात हसले. “सभागृहात माणूस लागतं, नुसता आवाज चालत नाही. का, अध्यक्षबाई? नियम आपल्यालाही ठाऊक आहे.”

कारकुनानं पेन उचललेलं होतं. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती, आणि ती कशासाठी होती हे अध्यक्षबाईंना नीट कळत होतं. “काय लिहू, बाई?”

त्यांनी कागदाकडे पाहिलं. तीन ओळी. पहिला शब्द ‘माझी’. पंधरा माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. पुढच्या सभेत, असं मनात आलं, आणि पुढच्या सभेत ताई सदस्यच नसेल हेही त्याच वेळी आलं.

“गैरहजर,” त्या म्हणाल्या.

पेन कागदावर खरखरलं. कारकुनानं मान वर केली नाही. प्रभाग बारा पुकारायला अध्यक्षबाईंनी तोंड उघडलं.

तेवढ्यात खालून पुन्हा आवाज आला, पहिल्यापेक्षा मोठा, घर दणाणून सोडणारा.

“हजर!”

वर ऐकू गेलं नाही, असंच ताईला वाटलं होतं.