कोळशाचं गाणं

"नाव सांग त्याचं," मुखरू म्हणाला. तलावाच्या पाळीवर बसून तो जाळ्यातलं शेवाळ काढत होता. हात थांबले नव्हते, पण नजर हेमराजच्या तोंडावर होती.

"कोणाचंच नाव नाई, काका. मंडळानं ठरवलं. यंदा मंडईच्या नाटकात ते गाणं नाई."

"तक्रार कोणी केली?"

"कोणीच नाई केली. आता असे गाणे चालत नाई, एवढंच. पोरी मोबाइलवर काढतात, ग्रुपवर टाकतात. अख्ख्या तालुक्यात आपलं गाव दिसते."

हेमराज नाट्यमंडळाचा अध्यक्ष होता आणि नात्याने मुखरूचा पुतण्या. तो गेला तरी मुखरूला त्याचा शब्द पटला नाही. कोणीतरी बोलल्याशिवाय इतकं जुनं गाणं कोण काढतं?

गाणं त्याने लग्नाच्या साली रचलं होतं. दरवर्षी दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरे, रात्री नाटक होई आणि दोन अंकांच्या मधे मुखरू कंदील घेऊन स्टेजवर येई. 'बायको माही कोळशाची खाण, कंदील लावून शोधतो गा!' त्याची बायको रंभा रंगाने काळी होती. माणसं पोट धरून हसत. एरवी मुखरू मासे धरी, धानकापणीला मजुरीने जाई. कोणी त्याला वळून पाहत नसे. मंडईच्या रात्री मात्र वन्समोअर येई.

पहिला संशय इस्तारीवर. इस्तारी पेटी वाजवायचा आणि त्याचं स्वतःचं एक भजन बरेच दिवस स्टेजची वाट पाहत होतं. तो पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेत होता.

"माह्या जागेवर तुहं भजन लावून राह्यला का?" मुखरूने सरळ विचारलं.

"भजनाले कोण विचारते गा!" इस्तारी हसला. मग हसू आवरून म्हणाला, "खरं सांगू? तुह्या डोयावर लाइट राह्यते, तुले दिसत नाई. मले दिसते. मागच्या साली माणसं हसले नाई मुखरू. मोबाइल पाहत होते."

"अन् वन्समोअर? तो काय आभाळातून आला?"

"एकच आवाज आला. बायांच्या बाजूनं."

मुखरूला हे पुरेसं वाटलं. म्हणजे बायांनाही गाणं आवडत होतं. मग बोललं कोण? गावात तसं बोलणारी एकच होती. हेमराजची बायको दिव्यानी. नागभीडला बीएस्सी झालेली, मागच्या साली नवी सून म्हणून आलेली. आणि रंगाने सावळी.

ती अंगणात धान पसरत होती.

"तूच भरवलं ना हेमराजच्या कानात?"

"नाई, काकाजी." तिने पायाने धान सारखं केलं. "मले गाणं आवडलं नाई, खोटं काऊन बोलू? पण मी बोलली नाई."

"काऊन नाई बोलली?"

"काकींनीच वन्समोअर देला. ज्यांच्यावर गाणं, त्यायलेच आवडते, तं मी कोण बोलणारी?"

"कोण काकी?"

"रंभाकाकी. मी त्यांच्या बाजूलेच बसली होती."

ही खोटं बोलते का, हे मुखरूला कळेना. "हसत होती का ती?"

दिव्यानीने आठवून पाहिलं. "नाई. इकडंतिकडं पाह्यलं, दोनी हात तोंडाशी धरले अन् ओरडल्या. मंग पाणी पेल्या."

घरी रंभा विळीवर मासे साफ करत होती. वाटेत मुखरूच्या डोक्यात नवाच संशय तयार झाला होता.

"वन्समोअर तू देत होती?"

"कोणी सांगतलं?"

"देत होती का नाई?"

"हो."

"मजाक उडवत होती माही? लोकायसमोर?"

"मजाक तं तुमी उडवत होते," रंभा म्हणाली. विळी थांबली नाही. "आपली रिना पोटात होती त्या साली वन्समोअर आला नाई. घरी येऊन काय बोलले, आठवते?"

त्याला आठवलं नाही.

"म्हणले, तुह्या काळ्या तोंडापायी गाणंबी पडलं. मंग कितीक दिवस माह्या हातचं जेवले नाई. लेकरू पोटात अन् घरात कोणी बोलणारं नाई. तवापासून लोक चूप राह्यले का मीच ओरडत होती."

"दर साली?"

"पयले लोकंच ओरडत. मले गरज नाई पडे. मंग पडाले लागली."

मुखरू दाराच्या चौकट धरून उभा राहिला. कधीपासून ती एकटीच ओरडत होती, हे विचारावं असं त्याला वाटलं. पण ती उत्तर देईल अशी भीतीही वाटली.

मंडईच्या दिवशी ऊन उतरताच बाया चटया घेऊन मैदानाकडे निघाल्या. मुखरूने धुतलेला सदरा घातला.

"चल. मांगून गेलं तं जागा भेटत नाई."

"यंदा गाणं नाई ना?"

"नाई म्हणलं ना."

"मंग मी कायले येऊ?"

"नाटक पाहाले."

"नाटक मी कधी पाह्यलंच नाई," रंभा म्हणाली. "तुमी कधी येता, लोक हसतात का, तेच पाहत राहत होती. छातीत धडधड होये नुसती. तुमी जा."

तिने आतल्या खोलीत चटई टाकली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. बाहेर अजून उजेड होता. मैदानावरच्या भोंग्यातून कोणीतरी हॅलो, हॅलो म्हणत होतं.

मुखरू गेला नाही. दाराशी उभा राहून तो बराच वेळ तिचा श्वास ऐकत राहिला. झोपेचं सोंग तर घेत नसेल?

ती खरंच झोपली होती.