‘येतो’ म्हणायचं नाही

“पडून राहा मेल्या! हलू नकोस!” देवयानी खंडूला दटावायची आणि तोंड फिरवून स्वतःच रडायची.

त्यांच्या कुत्र्याच्या, खंडूच्या काळजात जंत झाले होते. नोएडात बिल्डरांनी सेक्टर उभारले, जाहिरातीत कारंजी दाखवली आणि प्रत्यक्षात दिले तुंबलेले खड्डे. त्यातल्या डासांनी हे जंत त्याच्या रक्तात सोडले. “करोल बागेत काय वाईट होतो आपण?” ती नवऱ्याला विचारायची. हरीश नव्या मारुतीकडे बोट दाखवायचा.

डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं. हृदयातून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत हे दोऱ्यासारखे किडे राहतात. आतलं अस्तर सोलवटतं, सुजतं, नळी जाड आणि कडक होते. त्या कडक नळीत रक्त रेटून रेटून हृदय थकतं. आता विषारी इंजेक्शनाने किडे मरतील, पण मेलेले तुकडे वाहत जाऊन फुप्फुसात अडकले की संपलं. म्हणून इंजेक्शननंतर महिनाभर धावणं बंद. “दौड़ा, तो मैं कुछ नहीं कर पाऊँगा.”

आणि खंडू तर एका शब्दावर धावायचा. हरीश ऑफिसला निघताना “येतो गं” म्हणाला की हा दाराकडे झेपावणार, कारण सोसायटीच्या फाटकापर्यंत त्याला गाडीतून चक्कर मिळायची. तिनेच बजावलं होतं, “काही बोलूच नकोस. गुपचूप नीघ.”

महिना संपत आला. खंडूचा खोकला कमी झाला. त्या सकाळी तर खंडूने दूधपोळी चाटूनपुसून खाल्ली. हरीश खुशीत बूट घालत म्हणाला, “आज बोलतो यार. तुझा तो शब्द नाही, दुसरा. चलो, मी जातो!”

देवयानीचं लाटणं थांबलं. “जातो काय? घरातून निघताना असलं अभद्र! येतो म्हण, येतो!”

खंडूचे कान टवकारले.

“खंडू, नको रे!”

तो दारात पोचलासुद्धा. शेपटी हलवत त्याने हरीशच्या बुटांवर पंजे ठेवले, खोकला, आणि फरशीवर रक्त सांडलं. तोंड उघडायचं, पण श्वास आत जाईना. जीभ निळी पडत चालली.

“झडली का नाही माझी जीभ!” देवयानी किंचाळली. “हरीश, उचल त्याला! गाडी काढ!”

मागच्या सीटवर तिने त्याला मांडीवर घेतलं. फाटक आलं, तसं खंडूने सवयीने उतरायला मान उचलली.

“अजून नाही राजा, आज नाही उतरायचं,” ती म्हणाली.

गाडी फाटकाबाहेर पडली, तेव्हा ती मान तिच्या तळहातावर जड झाली होती.