फादर पठारेंची आज्ञाधारकता

फादर इग्नेशियस पठारे यांनी जन्मात एकदाही बिशपांचा शब्द मोडला नव्हता, आणि हे ते स्वतःच भेटेल त्याला सांगत. दीक्षेच्या दिवशी बिशपांच्या हातात हात देऊन आज्ञापालनाचं वचन सगळेच देतात, पण पठारेंनी ते दागिन्यासारखं मिरवलं. सध्या तर जरा जास्तच, कारण बिशप लवकरच आपला दुय्यम नेमणार होते आणि नाशिकात पठारेंचं नाव पुढे होतं.

नाशिकला बदली होण्याआधी बरीच वर्षं ते हरसूलच्या मिशनवर होते. बदली झालेल्या फादरने जुन्या गावात लुडबुड करायची नाही, नव्या फादरने बोलावलं तरच जायचं, असा रिवाज. रिवाज चांगलाच, एका म्यानात दोन तलवारी कशाला? पण माणूस मरणाला टेकला, की कुठल्याही फादरने धावत जाऊन पवित्र तेल लावावं, तिथे परवानगीचं नाव काढू नये, हे धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या पोरांनाही ठाऊक असतं. हरसूलच्या पोरांना ते पठारेंनीच शिकवलं होतं.

त्या सकाळी हरसूलहून नाथा मोटरसायकल दामटत आला. अंगणातूनच म्हणाला, "फादर, आई चाललीय. नवे फादर साधनेला गेल्यात, फोन लागत नाय. ती तुमचंच नाव घेती. चला."

त्याची आई भागुबाई. पठारे तिकडे टायफॉईडने आडवे झाले होते, तेव्हा तिनेच नागलीची पेज भरवून त्यांना उठवलं होतं. "भागुबाई, तुझ्या शेवटच्या घडीला मी येईन," असं पठारे तेव्हा रडत म्हणाले होते. रडायला परवानगी लागत नाही.

"येतो रे, पण असं न विचारता कसं?" पठारे म्हणाले. उद्या कुणी बिशपांचे कान भरले तर, एवढीच त्यांची काळजी होती. त्यांनी बिशपांकडे फोन केला. साहेब बैठकीत होते. पठारे फोन मांडीवर घेऊन बसले.

नाथा थोडा वेळ थांबला. मग त्याने किक मारली. "तुम्ही फोन राखा. मी आईला एकटी नाय सोडत."

दुपारी बिशपांचा फोन आला. "अहो, यात विचारायचं काय? निघा आधी!" ते जवळजवळ ओरडलेच.

पठारे पोचले तेव्हा भागुबाईला अंघोळ घालून निजवलं होतं. घर माणसांनी भरलं होतं, पण कुणी "या" म्हणालं नाही.

"गाडी वाजली का डोळं उघडायची," नाथा म्हणाला. "दुधाची गाडी आली, तरी म्हणं, फादर आलं."

पठारेंना खाली बघवेना आणि वर बघायची लाज वाटली. तरी तोंडातून निघालं तेच. "नाथा, बिशपांची परवानगी मिळाल्या मिळाल्या निघालो रे." आणि ते प्रार्थनेसाठी पुढे सरले.

नाथा आडवा आला. "बिशपांची असंल. आईची नाय. भायेर थांबा."

आणि आज्ञाधारक पठारे मुकाट्याने बाहेर जाऊन उभे राहिले.