दुपारचं पांढरं

माझा भाचा प्रशांत पुण्यात काचेच्या कंपनीत आहे. जामखेडच्या माझ्या शिलाईच्या दुकानाच्या खिडकीला त्यानं एक नवी काच बसवून दिली. "आत्या, ऊन आलं की ही आपोआप निळी होते, ऊन गेलं की परत साफ. दुकान गार राहील, पंखा कमी लागेल."

मला कुठला धीर निघतोय! मशीन सोडून काचेशीच खेळत बसले. बाहेरून कात्री टेकवून धरली, थोड्या वेळानं काढली, तर निळ्या काचेवर तेवढी कात्री साफ उमटलेली. मग तळहात. शेजारची अश्विनी माप द्यायला आली होती, तिलाही नाद लागला. आपला जुना, पिवळट पडलेला रुमाल काचेपाशी धरी, दारात नेई, परत आत आणी. काय बघत होती कोण जाणे.

तिचं लग्न चार दिवसांवर आलेलं. लग्न बुद्धविहारात, म्हणजे साडी पांढरी. साडी नवी घेतली होती, पण ब्लाउज तिला आईच्या लग्नातल्या साडीचाच हवा होता. तिची आई आक्काबाई दरसाल ऊसतोडीला जायची, तेव्हा ती साडी पेटीत ठेवून जायची. आता तिच्याच जिवाला घोर. मला म्हणाली, "पिवळी पडली आसंल तर सासरचे नावं ठिवतील पोरीला. विजाबाई, तुमी बगा. तुमी न्हाई म्हनला तर न्हाई."

मी म्हटलं, सकाळी या. अश्विनी म्हणाली, दुपारीच जमेल. भर दुपारी दोघी आल्या. एरवी मी कापड दारात उजेडाला नेऊन बघते, पण बाहेर नुसती आग होती. अश्विनीनंच साडी खिडकीपाशी उलगडली. नीळ दिल्यासारखी पांढरी.

"काही झालेलं नाही," मी म्हटलं आणि कात्री लावली.

बाही जोडायला घेतली तोवर ऊन समोरच्या माडीआड गेलं. काच साफ झाली आणि माझ्या हातातलं कापड पिवळं दिसायला लागलं. मनातल्या मनात प्रशांतला झोडपलं आणि दोघींना बोलावून घेतलं.

आक्काबाईनं कापड दारात उजेडाला नेऊन बघितलं. "माजंच चुकलं. जुनं द्यायलाच नगं हुतं."

"आई, पिवळं हाय ते मला ठाव हुतं," अश्विनी म्हणाली. "रुमालावरनं कळलं, या काचेत पिवळं दिसत न्हाई. म्हनून तर दुपारी आनलं तुला."

"अगं भवाने, मला फसवलंस?" मी भडकले. "माझ्या हातानं कापायला लावलंस?"

"सकाळी आनलं असतं तर तुमी न्हाई म्हनला असता मावशी. आन् आईनं ते परत पेटीत घातलं असतं. मला तेच पायजे हुतं, पिवळं तर पिवळं."

माझा राग कुठं गेला कळलंच नाही. आक्काबाई बराच वेळ त्या कापडावरून हात फिरवत राहिली. मग डोळे पुसून मला म्हणाली, "विजाबाई, कापड उरलंय न्हवं? मग बाही जरा लांब ठिवा."